बाटलीतली कारणं

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा कामावर रुजू झाले. ह्यांना जाऊन छत्तीस दिवस झाले. साडेआठला प्रयोगशाळेत पोचले. पाण्याचे अकरा नमुने होते, नऊ नळाचे, दोन विहिरींचे. सगळे पिण्यायोग्य निघाले. कुणी फारसं काही बोललं नाही, ते बरं झालं.

दुपारी साहेबांनी बोलावलं. तलावाकाठी नवं जलशुद्धीकरण केंद्र झालं आहे. तिथल्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून माझं नाव पुढे गेलं आहे. इथून साठ किलोमीटर. राहायला क्वार्टर मिळेल. "होकार की नकार, अठ्ठावीस तारखेपर्यंत लेखी द्या बाई. तुम्हाला आत्ता विचारायला नको होतं, पण तारीख वरून आली आहे." मी बरं म्हटलं.

संध्याकाळी सवयीने दोन कप चहा केला. दुसरा ओतून दिला.

ही डायरी लिफ्ट कंपनीची आहे. दर वर्षी ह्यांना मिळायची. या वर्षीची ते गेल्यावर टपालाने आली. कोरी टाकून देववेना.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज बाटली खाली काढली. तिच्याबद्दल लिहून ठेवते.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी गप्पांतून आम्हाला कळलं, की दोघांच्या कामात एकच नियम आहे. माझ्याकडे एकाच पाण्याचे दोन भाग करतात, त्यांना वेगवेगळे क्रमांक देतात आणि दोन माणसं ते स्वतंत्रपणे तपासतात. ह्यांच्याकडे मोठी दुरुस्ती झाली की दोन मेकॅनिक लिफ्ट आपापली पाहतात आणि एकमेकांचं न वाचता खाकी टॅगवर शेरा लिहितात. दोन्ही टॅग जुळले तरच लिफ्ट चालू करायची. हे म्हणाले, मग आपणही असंच करू. घरात पैशावरून भांडण नको.

तेव्हापासून घर घेणं, पैसे गुंतवणं, कुणाला देणं, नोकरी धरणं-सोडणं, सगळं असंच झालं. आठ दिवस त्या विषयावर बोलायचं नाही. आठव्या दिवशी दोघांनी वेगळ्या खोल्यांत बसून टॅगच्या मागे हो किंवा नाही लिहायचं, खाली एका वाक्यात कारण. मग समोरासमोर टॅग उलटायचे. जुळले तर तसं करायचं. नाही जुळले तर महिनाभर विषय बंद. टॅग ह्यांच्या कंपनीतले उरलेले. ते ठेवायला रुंद तोंडाची नमुन्याची बाटली माझ्याकडची, काठाला टवका गेला म्हणून बाद झालेली.

चोवीस वर्षांत महिनाभर थांबायची वेळ एकदाही आली नाही. टॅग दर वेळी जुळले. याचा मला अभिमान आहे. लेकीला मी नेहमी सांगत आले, तुझ्या आईबाबांमध्ये पैशावरून कधी आवाज चढला नाही.

आता तलावाच्या जागेचा टॅग मी लिहिला तरी तो कुणाच्या टॅगशी ताडून बघायचा, हे कळत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

भाऊजी आले होते. हे ह्यांचे धाकटे भाऊ. फर्निचरच्या दुकानात विक्रीला असतात. आल्या आल्या मोरीचा नळ उघडून बसले. गेल्या रविवारी कडी बसवली, त्याआधीच्या रविवारी पंख्याचं बटण. नळ तसा फारसा गळत नव्हता.

चहा घेताना म्हणाले, "वहिनी, एक बोलू? रागवणार नसलात तर."

"बोला ना."

"दुकानाच्या मागची गाळ्याची जागा मिळते आहे. सोफे मी स्वतः बनवून विकीन म्हणतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाद्या थोपटल्या. दादा गेल्यावर आलेले पैसे तुम्ही बँकेत घालणार. घाला. पण बँकेत पैसे ठेवायचे म्हणजे घरात छत्री ठेवून बाहेर भिजायचं."

"आणि तुमच्याकडे ठेवायचे म्हणजे?"

"छत्रीला भोकं असतील, पण डोक्यावर तर असेल!" स्वतःच हसले. मग म्हणाले, "नाही दिले तरी मी रविवारी येणारच आहे. नळ काय, रोज बिघडतात."

विचार करून सांगते म्हटलं.

ते गेल्यावर बाटलीतले आठ वर्षांपूर्वीचे टॅग शोधले. तेव्हाही भाऊजींनी मागितले होते. ह्यांचा टॅग : 'नाही. हाताला पैसा टिकत नाही.' माझा : 'नाही. त्यांच्या हाताला पैसा टिकत नाही.' खरं तर तेव्हा मला द्यावेसे वाटत होते. माणूस कष्टाळू आहे. पण सख्ख्या भावाला ह्यांच्यापेक्षा जास्त कोण ओळखणार? त्या आठवड्यात हे दोनदा म्हणाले होते, "आमचा बंधू म्हणजे वारा भरलेली पिशवी." मी ते ध्यानात ठेवून लिहिलं. जुळलं म्हणजे बरोबरच होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी पक्ष्यांच्या दवाखान्याच्या चिटणीसबाई आल्या. एकोणीस वर्षं आम्ही त्यांना दर वर्षी पैसे देतो. रक्कम लहान नाही, माझ्या एका महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा. दर वर्षी टॅग भरायचो. दोघांचं कारण ठरलेलं : 'हो. मुक्या जीवांसाठी.'

त्यांना ह्यांच्या नावाने मोठे पिंजरे बांधायचे आहेत. दारावर ह्यांच्या नावाची पाटी लावतील. रकमेचा आकडा त्यांनी कागद उलटा ठेवून माझ्याकडे सरकवला.

मी म्हटलं, "ह्यांचा फार जीव होता तुमच्या कामावर."

बाई जरा गोंधळल्या. "हो, म्हणजे साहेब फार सज्जन. पण ताई, पाकीट देताना दर वर्षी म्हणायचे, हे आमच्या मंडळींचं काम आहे, मी नुसता पोस्टमन. आम्हाला वाटायचं, तुम्ही कधीतरी याल पाहायला."

मी तिथे एकदाही गेलेली नाही. खरं सांगायचं तर मला पक्ष्यांची थोडी भीतीच वाटते. लेक दीड वर्षाची असताना... नाही, सहा वर्षांची होती. ह्यांना लिफ्टच्या खड्ड्यात जखमी कबुतर सापडलं. ते त्यांनी त्या दवाखान्यात पोचवलं. मला वाटलं, ह्यांचा जीव गुंतला आहे. म्हणून मी तीन दिवस जेवताना विचारत राहिले, "कबुतर कसं आहे?" त्या दिवसांत आमच्यात बोलायला दुसरा विषय नसायचा. मग ह्यांनी देणगीचा विषय काढला.

हे बाईंना असं का म्हणाले असतील? भिडेपोटी असेल. पुरुषमाणसं हळवेपणा बायकोच्या नावावर खपवतात.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रयोगशाळेत कटकट झाली. आठ नमुन्यांच्या जोड्या दोघांना वेगवेगळ्या दिल्या होत्या. संध्याकाळी तक्ते आले. आठही जोड्यांतले आकडे दशांशासह तंतोतंत सारखे. मी दोन्ही तक्ते परत केले, सगळं पुन्हा करा म्हटलं.

दोघांपैकी एक जण म्हणाला, "बाई, जुळलं नाही तर तुम्ही ओरडता, जुळलं तरी ओरडता. आम्ही करायचं तरी काय?"

मी सांगितलं, "हाताहातात फरक असतो आणि डोळ्याडोळ्यात फरक असतो. दोन माणसांनी खरंच वेगळं मोजलं तर एखाद्या थेंबाचा फरक पडतोच. एवढं जुळलं म्हणजे कुणीतरी कुणाच्या तरी वहीत डोकावलं."

मान खाली घालून त्यांनी कबूल केलं. दोघंही डोकावले होते. ह्याला वाटलं तो अनुभवी, त्याला वाटलं हा हुशार. मग दोघांपैकी खरं मोजलं कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. नमुने ओतून दिले.

काच धुणाऱ्या मावशी माझ्यासाठी थांबल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, माणूस गेलं की पैशाला पाय फुटतात. कोणकोण येऊन गेलं?" मी भाऊजींचं आणि पक्ष्यांचं सांगितलं. "आणि तुमच्या मनात काय आहे?" मी म्हटलं, "अजून आठ दिवस झाले नाहीत." मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लेकीला फोन केला. आम्ही तिला ठमी म्हणतो. दुसऱ्या शहरात जहाज कंपनीच्या कचेरीत असते. तलावाच्या जागेबद्दल सांगितलं आणि म्हटलं, "बाबांच्या जागी तू टॅग लिही. पुढच्या शनिवारी ये. तोवर यावर बोलायचं नाही."

"आई, मी बाबा नाही गं."

"माहीत आहे. पण दुसरं रीडिंग कोण देणार?"

मग म्हणाली, "येते. माझी खोली आवरू नकोस, आहे तशी राहू दे." एवढ्यावरून समजायचं ते मी समजले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे कळलं ते नीट लिहायचा प्रयत्न करते.

ह्यांचे जोडीदार मेकॅनिक, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात, ह्यांची कामाची पिशवी घेऊन आले. पाने, टेस्टर, हातमोजे, चष्म्याचं जुनं घर. उस्तादांनी एकेक वस्तू टेबलावर मांडली, जणू मी सही करून घेणार आहे. मी पाणी दिलं आणि तलावाच्या जागेचं सांगितलं.

"पुन्हा तलाव?" ते म्हणाले. "आता तरी जा वहिनी. मागच्या वेळी त्यानं उगाच घोळ घातला."

चौदा वर्षांपूर्वी तलावाच्याच जुन्या केंद्रावर मला असंच बोलावणं आलं होतं. ते बाटलीत आहे. दोघांचेही टॅग : 'नाही. घराची घडी विस्कटेल.'

मी विचारलं, "कसला घोळ?"

"बदलीचा. तुम्हाला ठाऊक नाही? तलावाच्या गावात रुग्णालयाच्या चार लिफ्ट होत्या, त्या यानं मागून घेतल्या. मंजुरी आली. आम्ही याच्याकडून पेढ्यांचे पैसेसुद्धा उकळले. आठवड्यानं म्हणतो कसा, रद्द. मी म्हटलं, काय रे, बायकोला भ्यायलास? तर म्हणाला, तिला मनातून जायचं नाही. बोलत नाही, पण दिसतं ना. भिंतींना रंग काढायला माणूस बोलावलाय तिनं."

रंगवाल्याला मी बोलावलं होतं, हे खरं आहे. आम्ही गेल्यावर घर भाड्याने देता यावं म्हणून.

आणि मी 'नाही' लिहिलं, कारण त्याच आठवड्यात ह्यांनी हत्यारांसाठी मोठी लोखंडी पेटी आणली. मला वाटलं, हा माणूस इथे मुळं धरतो आहे. याला उपटायला नको.

उस्ताद गेल्यावर गॅलरीत जाऊन पेटी पाहिली. चौदा वर्षं रोज तिच्यावरून फडकं फिरवते. तिला दोन्ही बाजूंनी उचलायच्या कड्या आहेत.

मला ह्यांचा राग आला आहे. टॅगवर खोटं लिहिलं. मला फसवलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कालचं वाचलं. मीही खोटंच लिहिलं होतं.

सुट्टी टाकली. सगळे टॅग बाटलीतून काढून जोड्या लावल्या. एकतीस जोड्या. प्रत्येक जोडीपुढे, तेव्हा मला खरं काय हवं होतं, ते पेन्सिलीने लिहीत गेले. तेवीस ठिकाणी टॅगच्या उलट आलं. ह्यांचं किती ठिकाणी उलट येईल, ते आता कोण सांगणार? आठ दिवस बोलायचं नाही असा नियम केला आणि ते आठ दिवस एकमेकांच्या तोंडाकडे बघण्यात घालवले. मी त्यांचं वाचत होते, ते माझं वाचत होते. पाणी कुणीच तपासलं नाही.

सगळे नमुने ओतून द्यावे लागतील, असं मनात आलं. पण त्यातच हे घर आहे, ठमीचं शिक्षण आहे, ते पक्षी आहेत. ते कसं ओतणार?

जेवले नाही. ह्यांचा स्वेटर देऊन टाकायच्या कपड्यांच्या बॅगेत भरला होता, तो परत काढून ठेवला. घरात गार होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

ठमी काल आली. दोघी दिवसभर हवापाण्यावर बोललो. आज दहा वाजता ती तिच्या खोलीत बसली, मी स्वयंपाकघरात. मग टेबलाशी येऊन टॅग उलटले.

माझा : 'नाही. लेकीला माहेर म्हणून हे घर हवं.'

तिचा : 'नाही. आईला या घराचा आधार आहे.'

ठमीने सुस्कारा सोडला. "जुळलं," म्हणाली. "बघ, बाबांसारखंच." आणि हसायला गेली.

मी टॅग हातात धरून बसले. एवढं सगळं चार दिवसांपूर्वी कळूनसुद्धा माझ्या हाताने पुन्हा तेच लिहिलं होतं. शेवटी म्हटलं, "फार जुळलं. हे रीडिंग मी घेणार नाही."

"म्हणजे?"

"तुला हे घर हवं आहे का? माझं सोडून दे. तुला."

"आता तू माझी परीक्षा घेणार?"

"ठमे, हो की नाही?"

ती एकदम बोलायला लागली. "नाही! नकोय मला. जिन्यात पाय ठेवला की कान किल्ल्यांच्या आवाजाकडे लागतात, बाबा आले की नाही. रात्री त्या खोलीत मला झोप लागत नाही. आवरू नकोस म्हटलं, कारण मला वाटलं, ती रिकामी केलीस तर तुला सहन होणार नाही. तूच सांग, तुला हवंय का इथे राहायला?"

मी म्हटलं, "मला चौदा वर्षांपूर्वीच जायचं होतं."

"मग गेली का नाहीस?"

मी तिला पेटीच्या कड्या दाखवल्या. रंगवाल्याचं सांगितलं. पक्ष्यांचंही सांगितलं. कबुतराच्या गोष्टीवर ती हसायला लागली, ती हसता हसता रडायला लागली. "एकोणीस वर्षं? दोघांपैकी एकालाही आवडत नसताना? आई, तुम्ही दोघं म्हणजे ना..." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आम्हाला तशी सवय नाही.

इतक्यात भाऊजी आले. आज काही बिघडलेलं नव्हतं. तरी त्यांनी दाराच्या बिजागरीला तेल घातलं.

मी म्हटलं, "भाऊजी, पैसे देते. पण तुम्ही मागितले त्याचा तिसरा हिस्साच देईन. ते बुडाले तरी माझं अडणार नाही आणि आपल्यात त्यांचा विषय कधी निघणार नाही, एवढेच."

"दादा हो म्हणाला असता का?" त्यांनी विचारलं. आवाज वेगळा होता.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी हो म्हणते आहे."

ते बराच वेळ तेलाची कुपी पुसत बसले. "वहिनी, तुम्ही तलावाकडे गेलात तर रविवारी मी काय करू?" ठमी म्हणाली, "काका, बस जाते तिकडे." भाऊजींना गाळ्याची फारच काळजी असावी, डोळे भरून आले होते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कामावरून सुटल्यावर पक्ष्यांच्या दवाखान्यात गेले. उग्र वास होता. एका घारीच्या पंखाला पट्टी बांधली होती, ती माझ्याकडे रोखून बघत होती. मी लांबच उभी राहिले. चिटणीसबाईंनी वही दाखवली, वर्षाला चारेकशे पक्षी बरे होऊन जातात.

मी सांगितलं, मोठे पिंजरे आणि पाटी नको. दर वर्षीचं पाकीट मात्र येईल.

"साहेबांच्या आठवणीसाठी?" बाईंनी विचारलं.

मला अजूनही पक्षी आवडत नाहीत. पण पाकीट थांबवावंसं वाटत नाही. "कारण नंतर कळवते," म्हटलं. बाई चमकल्या असाव्यात.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांना लेखी होकार दिला. एक एप्रिलपासून. साहेब म्हणाले, "घरी सगळ्यांशी बोललात ना?" हो म्हटलं. मावशी म्हणाल्या, "तिकडची काच कोण धुणार? तिला माझं नाव सांगून धाक घाला."

सहाला घरी आले. एक कोरा टॅग उरला होता. ह्यांच्या खोलीत न जाता टेबलाशीच बसून लिहिला. 'हो. मला ते काम करायचं आहे.' दुसऱ्यांदा वाचला. कुणाचं तोंड डोळ्यांपुढे आणून लिहिलंय का, ते पाहिलं. हे आले डोळ्यांपुढे, पण लिहून झाल्यावर.

टॅग उलटून पुढच्या बाजूला तारीख घातली. तपासणाऱ्याची सही, तिथे सही केली. शेजारी दुसऱ्या सहीची जागा असते. ती तशीच ठेवली.

सगळे टॅग रबर लावून लोखंडी पेटीत ठेवले. एकट्याने पेटी उचलून पाहिली. जड आहे, पण कड्यांमुळे उचलता येते.

मग बाटली धुतली. आतून ब्रश फिरवला, टवक्यापाशी जपून. तीनदा विसळली आणि ओट्यावर उपडी ठेवली.